मूल वाचत नाही, असे शाळा सांगते तेव्हा

धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपंथक नावाच्या भिक्खूची कथा आहे. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः व्युत्पन्न भिक्खू होता. त्याने धाकट्याला विहार सोडून घरी जाण्यास सांगितले. निघालेल्या चूळपंथकाला भगवान बुद्धांनी थांबविले, परंतु तीच गाथा पुन्हा घोकायला लावली नाही. एक स्वच्छ वस्त्र हाती दिले आणि ते चोळीत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले तशी अनित्यता त्याच्या ध्यानी आली आणि तो अर्हतपदास पोहोचला. ही कथा आपण विहारात श्रद्धेने ऐकतो. मला ती शिक्षकांची व पालकांची कथा वाटते, कारण तीत महापंथक दुष्ट नाही, केवळ उतावीळ आहे.

'आपला पाल्य इतरांच्या बरोबरीने शिकत नाही' असा निरोप आला की घरात दोन प्रकारचे उतावीळपण दिसते. कोणी मुलाला मारतो, तर कोणी 'आपल्या नशिबी विद्या नाही' म्हणून त्याला मजुरीला लावतो. आपल्या समाजाला 'मंद' या शब्दाचा जुना चटका आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द आपल्या मुलांवर न तपासता चिकटविला गेला. त्यामुळे पालकाच्या मनात संशय येणे स्वाभाविक आहे. तो मनात न ठेवता शाळेत जाऊन वह्या मागाव्यात. अडचण नेमकी कशात आहे, ती केव्हापासून आहे आणि शिक्षकांनी आजवर कोणते उपाय केले, हे विचारावे.

वह्या पाहताना आपली बोली विसरू नये. असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता इतरांनी लिहून घेतली. लेवा बोलीत वा अहिराणीत वाढलेले मूल 'पाणी'चे 'पानी' आणि 'जळगाव'चे 'जयगाव' लिहिते, तेव्हा ते घरात जे ऐकले तेच लिहीत असते. तो दोष नव्हे, दोन भाषांमधले अंतर आहे. मात्र तिसरीत येऊनही मूल 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांत सतत गोंधळते, ऱ्हस्व वेलांटी कोणत्या अक्षराला द्यावी हे त्याला कळत नाही, फळ्यावरचे उतरविताना शब्द गळतात, आणि तोंडी विचारले तर तोच धडा ते उत्तम सांगते. असे दिसले तर विचार करावयास हवा. अध्ययन अक्षमता म्हणतात ती बहुधा अशी दिसते. तिचा बुद्धीच्या कमतरतेशी संबंध नाही. (बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचाही तिच्याशी संबंध नाही, ते पैसे वाचवावेत.)

प्रथम डोळे व कान तपासावेत. फळा न दिसणाऱ्या मुलाला आळशी ठरविणे फार सोपे असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते, त्याच्यापुढे मुलाची अडचण स्पष्ट मांडावी. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची भेट मागावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ती लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करणे हे त्यात शिक्षणसंस्थांचे कर्तव्य सांगितले आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्रासाठी आठ वर्षे वयाची अट होती. त्यामुळे पहिलीतल्या मुलावर कायमचा शिक्का मारण्याची घाई शाळेनेही करू नये. मात्र मदत त्याच दिवसापासून सुरू करावी, तिला प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. पुढे शालान्त परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी कागदपत्रे आधीपासून जपावीत.

निवासी शाळेतील पालकांची एक वेगळी अडचण आहे. मूल अभ्यास करताना त्यांच्या डोळ्यांसमोर नसते. म्हणून दिवाळीच्या सुटीत रोज अर्धा तास त्याच्याशेजारी बसावे. आधी त्याच्याकडून एखादी गोष्ट तोंडी ऐकावी, मग त्याच गोष्टीतल्या चार ओळी वाचून घ्याव्यात. ते कोठे अडते, केव्हा चिडते, काय टाळते, हे कागदावर टिपावे. स्वतःला लिहिता येत नसेल तर मोठ्या भावंडाकडून टिपून घ्यावे. सुटी संपवून मुलाला वसतिगृहात सोडण्यास जाताना तो कागद वर्गशिक्षकांच्या हाती द्यावा.