बातम्यांपासून ‘भूमिका’पर्यंत

स्मिता पाटील यांच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी मुलगी दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरली आणि बघता बघता राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आली. गोष्ट खोटी नाही, पण तिच्यात मधली वाट गाळलेली असते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांच्या पदविका-चित्रपटात त्या आधीच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. १९७५ साली ‘चरणदास चोर’ या बालचित्रपटात त्या राणी झाल्या, आणि त्याच वर्षी बेनेगलांच्या ‘निशांत’मध्ये जमीनदाराच्या घरातली सून रुक्मिणी. रुक्मिणीला बोलायला फारसं नाहीच. नवऱ्यासाठी पळवून आणलेली बाई घरात असताना तिने फक्त पाहायचं, सोसायचं. ‘मंथन’मधल्या बिंदूचा फणकारा आणि शहरातून आलेल्या डॉक्टरबद्दलची ओढ, दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसायला हवं होतं. म्हणजे तीन वर्षांत भूमिकेची लांबीच नव्हे, तर तिची मागणीही वाढत गेली.

‘भूमिका’ (१९७७) ही त्या मागणीची कमाल. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेल्या या चित्रपटात नटीनेच नटीचं काम करायचं होतं. सुरुवातीलाच नायिका उषा पडद्यावरची नर्तकी बनून हात, कंबर, डोळे यांचा ठसकेबाज वापर करते. शूटिंग थांबतं आणि तोच चेहरा थकलेला, सैल होतो. या दोन तऱ्हा वेगळ्या राहिल्या नसत्या तर चित्रपट कोसळलाच असता. पहिलीत अतिशयोक्ती मुद्दाम आहे. दुसरीत ‘निशांत’मधला संयम कामी आला आहे. (बातम्या वाचताना हातवारे न करता नजर स्थिर ठेवायची सवयही उपयोगी पडली असावी, पण तो माझा तर्क.)

यावर कोणी म्हणेल, हे श्रेय बेनेगलांचं, गोविंद निहलानींच्या कॅमेऱ्याचं आणि पटकथेचं. ‘भूमिका’साठी स्मितांबरोबर पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळालाच की. खरं आहे. हातात असा संच असणं हे नशीबच, आणि असा संच न मिळाल्यामुळे किती गुणी माणसं कडेला राहिली असतील कोण जाणे. पण बाहुली नाचवणाऱ्याचीच सगळी करामत असती, तर ती करामत बेनेगलांच्या चित्रपटांबाहेर टिकली नसती. त्याच १९७७ साली जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये स्मितांची चिंधी उभी राहिली, आणि राष्ट्रीय पुरस्कार दुसऱ्यांदा मिळाला तो रवींद्र धर्मराज यांच्या ‘चक्र’साठी.