बॅटरी बदलायची आहे? आधी क्रमांक पाहा, मग पावती मागा

ई-पीक पाहणीसाठी आपण वावरात जातो. धुऱ्यावर उभे राहून पिकाचा फोटो काढणार, तोच ३० टक्के चार्जिंग दाखवणारा मोबाईल एकदम बंद पडतो. मुदत संपत आली असेल आणि नोंद हुकली, तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. म्हणून आज बी-बियाणे बाजूला ठेवून बॅटरीचे बोलू.

मोबाईल व लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. विहिरीत दरवर्षी गाळ साचून साठवण कमी होते, तसेच तिचे आहे. साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. उष्णता तर तिची वैरीणच. आपल्या बेसा-पिपळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात मोबाईल चार्जिंगला लावू नका.

पण सगळाच दोष वापरणाऱ्याचा नसतो. नोकियाचा ११०० हा टॉर्चवाला फोन तुम्हाला आठवत असेल. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, तो भाग वेगळा!) त्यात बीएल-५सी ही बॅटरी असे. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात, असे नोकियाने ऑगस्ट २००७ मध्ये जाहीर केले व त्या फुकट बदलून देण्याची तयारी दाखवली. भारतात सेवा केंद्रांवर झुंबड उडाली. खरे तर बॅटरीच्या पाठीवरचा २६ अक्षरांचा क्रमांक आधी तपासायचा होता. तो सदोष बॅटऱ्यांत बसला तरच नवी बॅटरी मिळणार होती.

दुसरे उदाहरण ॲपलचे. बॅटरी जुनी झाली की फोनचा वेग कमी केला जातो, हे कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. मग भारतात ६,५०० रुपयांची बॅटरी २०१८ अखेरपर्यंत २,००० रुपये अधिक कर घेऊन बदलून दिली. फोन म्हातारा झाला म्हणून ज्यांनी नवा घेतला, त्यांच्या खिशाला विनाकारण चाट बसली. तेव्हा फोन हळू झाला म्हणून लगेच नवा घेऊ नका. सेटिंगमध्ये 'बॅटरी हेल्थ' दिसत असेल तर ती पाहा.

आता दुकानाच्या काउंटरवरची गोष्ट. बिल आहे का, असे पहिल्यांदा विचारतात. ते नसेल तर तिथेच गाडी अडते. काही कंपन्या फोनची हमी १ वर्षाची देतात, पण बॅटरीची ६ महिन्यांचीच. हमीपत्रातले बारीक अक्षर घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचून घ्या. मोबाईल जमा करताना तारीख, तक्रार आणि अंदाजे खर्च लिहिलेली पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "पार्ट आला की फोन करू" या तोंडी शब्दावर बर्डीच्या चकरा मारण्यात मजुरी बुडते. स्वस्त मिळते म्हणून बिनाबिलाची बॅटरी बसवणे तर बिनपावतीचे बियाणे घेण्यासारखेच आहे.

टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार वस्तू मुंबईहून मागवली असली तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात, म्हणजे नागपुरात करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असेही नाही. मात्र २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

पूर्वी नखाने झाकण उघडून बॅटरी काढता येई. आता ती आत चिकटवलेली असते. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी देण्याचा नियम लागू होणार आहे. आपल्याकडे तूर्त कारागिराकडेच जावे लागते.

मोबाईलची पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब बंद करा. बॅटरी टोचू नका, दाबू नका, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. मोबाईल लेकरांच्या हातून घेऊन लाकूड-कडब्यापासून दूर ठेवा आणि सेवा केंद्रात द्या. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.