दुसरी प्रत

संपादकांना दिवाळी अंकासाठी ग्रंथालयांवर लेख हवा होता आणि मी तेव्हा सॅन होजेला भाचीकडे मुक्कामाला होतो. ‘मग त्या चर्चमध्ये जाऊनच या,’ त्यांनी फोनवर सांगितलं. चर्च म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत फन्स्टन अव्हेन्यूवर असलेलं इंटरनेट अर्काइव्हचं मुख्यालय. शुक्रवारी दुपारी तिथे पाहुण्यांना इमारत हिंडून दाखवतात. मराठीतलं जुनं, छापून संपलेलं पुस्तक शोधणारा माणूस कधी ना कधी या संस्थेच्या दारात पोचलेला असतोच. ते दार कोणत्या रस्त्यावर आहे, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. ब्रूस्टर केल या संगणकतज्ज्ञानं १९९६ साली वेबवरची पानं जमवायला सुरुवात केली. त्याच वर्षी काढलेली अलेक्सा इंटरनेट ही कंपनी त्यानं १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनला विकली. पानं जमवणारी ना-नफा संस्था मात्र चालू ठेवली. २००१ मध्ये ‘वेबॅक मशीन’ सगळ्यांसाठी खुलं झालं. पत्ता टाकायचा, तारीख निवडायची आणि त्या दिवशी ती वेबसाइट कशी दिसत होती ते पाहायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये साठवलेल्या पानांचा आकडा एक लाख कोटींवर गेला. चर्च विकत घेतलं २००९ मध्ये. संस्थेच्या बोधचिन्हात ग्रीक खांबांची इमारत आधीपासून होती आणि १९२३ सालचं हे चर्चही हुबेहूब तसंच. बोधचिन्हाला साजेसं घर विकत घेणारी दुसरी संस्था माझ्या ऐकिवात नाही.

प्रार्थनेच्या दालनात लाकडी बाकं अजून आहेत. त्यांच्या कडेनं भाजक्या मातीच्या कमरेएवढ्या मूर्ती उभ्या आहेत, त्या संतांच्या नव्हेत. संस्थेत तीन वर्षं काम केलेल्यांच्या या मूर्ती नुआला क्रीड या शिल्पकार बाईंनी घडवल्या. भिंतीतल्या कोनाड्यांत सर्व्हरची कपाटं उभी आहेत आणि त्यांच्यावर निळे दिवे लुकलुकतात. जगात कुठेतरी कोणी काही उघडतंय किंवा चढवतंय, म्हणून तो दिवा लागतो, असं सांगतात. इमारतीत वातानुकूलन नाही. या शहराची धुक्याची थंडी यंत्रांना पुरते आणि यंत्रांची ऊब माणसांना.

पाहुणे त्या दिव्यांचे फोटो काढत राहतात. मी रेंगाळलो ते स्क्राइबपाशी.

स्क्राइब हे पुस्तक स्कॅन करायचं यंत्र. पारायणाला पोथी ठेवायचं लाकडी व्यासपीठ असतं, तसा त्याचा आकार: दोन फळ्या एकमेकींना कोनात जोडलेल्या. पुस्तक त्यात अर्धवट उघडं बसतं, त्यामुळे बांधणीवर ताण येत नाही. वर त्याच कोनात जोडलेली काच. पायाखालची पट्टी दाबली की काच वर जाते, माणूस हातानं पान उलटतो, पाय सैल केला की काच खाली येऊन दोन्ही पानं सपाट दाबते आणि दोन बाजूंचे दोन कॅमेरे एकदम चित्र टिपतात. समोरच्या पडद्यावर नजर टाकायची, पान तिरकं नाही ना, कोपरा कापला गेला नाही ना, आणि पुन्हा पाय. यंत्रावर बसलेल्या बाई आमच्याकडे फारसं पाहत नव्हत्या. त्यांचं बोट पानाच्या कोपऱ्याशी जायचं, क्षणभर कागदाचा जाडपणा अजमावायचं आणि मगच उचलायचं. दोन पानं चिकटून आली तर ते आधी बोटाला कळतं, पडद्याला नंतर.

आपोआप पानं उलटणारी यंत्रं बाजारात आहेत. इथे मात्र मुद्दाम माणूस ठेवला आहे. शंभर वर्षांपूर्वीचा कागद आम्लानं पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो, मध्येच घडीचा नकाशा निघतो, कुठे पान फाटून उलटं चिकटवलेलं असतं. यंत्राला हे सगळे अपवाद. त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला तोच रोजचा धंदा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गप्पा चालणाऱ्या या शहरात लाखो पुस्तकं अशी एकेक पान हातानं उलटून साठवली गेली, हे मला फार आवडलं.

आता आपल्याकडे येऊ. कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी यांनी या शतकाच्या आरंभी दहा लाख पुस्तकं स्कॅन करायचा प्रकल्प काढला. त्याचं भारतातलं काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं झालं आणि त्यातून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. काम प्रचंड झालं आणि घाईनं झालं. बरीचशी स्कॅनं नुसत्या काळ्या-पांढऱ्यात, राखाडी छटा नाहीत. त्यामुळे छायाचित्रांची जागा काळ्या डागांनी घेतली. कुठे चार पानं गायब, कुठे एकच पान दोनदा. मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत अशी काही लिहिली गेली की लेखकालाही आपलं पुस्तक ओळखता येऊ नये. पुढे स्वामित्वहक्काच्या तक्रारी आल्या आणि ते संकेतस्थळच बंद झालं. तोवर त्यातली लाखो पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर उतरवली गेली होती. आज अर्काइव्हवर जुनं मराठी पुस्तक उघडलं की पत्त्यात पुष्कळदा ‘इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय’ अशी अक्षरं दिसतात. ती त्या बंद पडलेल्या ग्रंथालयाची खूण. मूळ गेलं, नक्कल राहिली. एम.ए., पीएच.डी.च्या किती मराठी प्रबंधांचा पाया त्या डागाळलेल्या नकलांवर आहे, हे विद्यापीठांनी एकदा मोजावं.

अर्काइव्हचा सारा भर दुसऱ्या प्रतीवर आहे. प्रत्येक फाइल किमान दोन ठिकाणच्या दोन डिस्कवर असते. एक डिस्क मेली की जुळ्या डिस्कवरून नवी भरतात. संग्रहाची एक प्रत २००२ मध्ये इजिप्तला, अलेक्झांड्रियाच्या नव्या ग्रंथालयाला दिली. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीनंतर केल यांनी कॅनडात प्रत ठेवण्याची घोषणा केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये चर्चला लागून असलेल्या स्कॅनिंग केंद्राला आग लागली, सुमारे सहा लाख डॉलरचं नुकसान झालं; साठवलेली माहिती शाबूत राहिली. आग आणि कुजणाऱ्या डिस्क यांची काळजी या लोकांनी बऱ्यापैकी मिटवली आहे. उरलेल्या काळज्या निराळ्या जातीच्या आहेत.

९ ऑक्टोबर २०२४ ला संकेतस्थळ उघडणाऱ्यांना पडद्यावर चोरांचाच निरोप दिसला. सुमारे तीन कोटी दहा लाख वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते आणि कूटबद्ध पासवर्ड चोरीला गेले होते, शिवाय खोट्या मागण्यांचा भडिमार करून सर्व्हर आडवे केले जात होते. काही दिवस सगळं बंद, मग नुसतं वाचण्यापुरतं सुरू. संग्रहाला धक्का लागला नाही. पण तेवढे दिवस ज्यांना जुनं पान पाहायचं होतं त्यांच्यासाठी एवढी मोठी दुसरी खिडकी जगात नव्हती. प्रती अनेक आहेत, दार एकच आहे, हे त्या आठवड्यात कळलं.

भारतीयांना त्याची चुणूक आधीच मिळाली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘जब हॅरी मेट सेजल’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुर्खा’ यांच्या निर्मात्यांनी चोरट्या प्रतींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयातून आदेश मिळवले. अडीच हजारांहून जास्त संकेतस्थळांच्या त्या यादीत अर्काइव्हही होतं. सिनेमाची चोरी थांबवताना भारतात ग्रंथालयाला कुलूप लागलं आणि ते निघायला काही दिवस गेले.

सगळ्यांत जड प्रकरण पुस्तकांचं. छापील प्रत आपल्याकडे असेल तर तिचं स्कॅन एका वेळी एकालाच वाचायला द्यायचं, असा अर्काइव्हचा रिवाज होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ग्रंथालयं बंद पडली तेव्हा त्यांनी ‘एका वेळी एक’ ही अट उठवली. जूनमध्ये हॅशेट, हार्परकॉलिन्स, वायली आणि पेंग्विन रँडम हाउस यांनी खटला भरला. मार्च २०२३ मध्ये न्यायाधीश जॉन कोल्टल यांनी प्रकाशकांच्या बाजूनं निकाल दिला, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला, आणि पाच लाखांवर पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी भरलेला दुसरा खटला २०२५ मध्ये तडजोडीनं मिटला.

अट उठवणं हा उतावळेपणा होता असं मला वाटतं. लेखकाच्या हयातीत त्याच्या पुस्तकाचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. पण निकालाचा घाव त्या टाळेबंदीतल्या तीन महिन्यांवर न थांबता ‘एक प्रत, एक वाचक’ या मूळ रिवाजावरही पडला. छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेतं, त्याच्या मालकीचं होतं, पन्नास वर्षं कपाटात राहतं. ई-पुस्तक मुदतीच्या परवान्यावर मिळतं; परवाना संपला की पुस्तक गेलं. जे मालकीचं नाही ते जपता येत नाही, आणि त्याची दुसरी प्रत काढणं तर गुन्हाच.

वेबची पानंही आता सहज हाती लागत नाहीत. २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती, असं प्यू संशोधन केंद्रानं २०२४ मध्ये दाखवलं. जी आहेत ती जपायला गेलं तर वाटेत नवं कुंपण. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या अर्काइव्हमधून आपला मजकूर उपसतील या धास्तीनं रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळानं ऑगस्ट २०२५ मध्ये वेबॅक मशीनला बहुतेक पानं बंद केली. ही धास्ती खोटी नाही. मे २०२३ मध्ये ६४ भाड्याच्या सर्व्हरांवरून सेकंदाला हजारो मागण्या येऊन अर्काइव्हच कोलमडलं होतं. उपसा एकानं केला आणि दार जपणूक करणाऱ्याच्या तोंडावर लागलं.

मराठीची अडचण आणखी एक आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्या वृत्तपत्रांच्या वेबसाइट आपापल्या खास फाँटमध्ये असत. त्या काळातलं पान वेबॅक मशीनमध्ये व्यवस्थित साठवलेलं सापडतं, उघडतंही, आणि पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. तो फाँट ज्याच्या जुन्या संगणकात असेल त्यालाच बातमी वाचता येईल. बदल करून देणाऱ्या आज्ञावली काही फाँटसाठी आहेत, सगळ्यांसाठी नाहीत.

आपला कायदा या बाबतीत कागदावर थांबला आहे. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना, त्यात मुंबईचंही एक, पाठवायच्या असतात. वेबसाइट त्यात बसत नाही. स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. साने गुरुजी २०११ मध्ये मोकळे झाले, मर्ढेकर २०१७ मध्ये; आचार्य अत्रे व्हायला २०३० उजाडेल. तोवर ज्यांचा प्रकाशक बुडाला आणि वारस सापडत नाहीत अशा शेकडो लेखकांची पुस्तकं कोणी छापत नाही आणि परवानगीशिवाय कोणी ती स्कॅन करून सगळ्यांसाठी खुलीही करू शकत नाही.

त्या पुस्तकांच्या प्रती आहेत कुठे? बहुतेक आपल्या तालुक्यांच्या, गावांच्या वाचनालयांत. अ, ब, क, ड वर्गांची ही अनुदानित वाचनालयं महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. तिथे जीर्ण पुस्तकांचं ‘निर्लेखन’ होतं: यादी बनते, समितीच्या बैठकीत मंजूर होते, आणि पुस्तकं रद्दीत वजनावर जातात. मी अशा काही याद्या पाहिल्या आहेत. त्यांत दाखल क्रमांक, लेखक, किंमत आणि ‘शेरा’ असे रकाने होते. शेऱ्यात बहुतेक ठिकाणी ‘वाळवी’ लिहिलेलं होतं. पुस्तक स्कॅन झालं आहे की नाही, हा रकाना एकाही यादीत नव्हता.