मासळीच्या वाट्याचं गोडं पाणी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर भरताना एकदा उभं राहून बघावं. डिझेल, तांदूळ, कांदे-बटाटे, गॅसची टाकी, पिण्याच्या पाण्याची पिंपं चढतात आणि मग चढतो फोडलेला बर्फ. समुद्रात मुक्काम काही दिवसांचा. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशी यांचं पाणी पिंपांत मोजलेलं, बर्फ मात्र टनांच्या हिशोबात. आणि बर्फ म्हणजेही गोडं पाणीच की! बोटीवर माणसांपेक्षा मासळीच्या वाट्याला कितीतरी जास्त गोडं पाणी येतं.

भोवती अथांग पाणी आहे, पण लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेलं. आपल्या मूत्रपिंडांना इतकं खारट मूत्र तयारच करता येत नाही. त्यामुळे समुद्राचं पेलाभर पाणी प्यायलं, तर त्यातलं मीठ बाहेर काढायला शरीराला पेल्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. पिऊनच तहान वाढते!

म्हणून पिंपातलं पाणी पिण्याला आणि भाताला. धुणंभांडी, आंघोळ समुद्रावर. नवा पोरगा साबण घासत बसतो, फेस काही येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा चिकट साका करतात. शांपूला मात्र तिथेही फेस येतो. खाऱ्या पाण्यात धुतलेला शर्ट दुपारी कडक वाळतो आणि रात्री पुन्हा ओलसर लागतो, कारण धाग्यांतलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं.

पण खरी करामत बर्फाची. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत किलोभर पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापेल. आणि एवढं करून बर्फ स्वतः शून्यावरच राहतो! बर्फाचा थर, मासळीचा थर, पुन्हा बर्फ, अशी रचलेली म्हाकूळ-कोळंबी त्यामुळेच ताजी राहते. वितळणं म्हणजे बर्फ वाया जाणं नव्हे, तेच त्याचं काम. वितळलेलं गार पाणी मासळीवरून झिरपताना चिकटा, रक्त आणि त्यांतले जिवाणूही धुऊन नेतं. खाली साचलेलं ते पाणी पंपाने समुद्रात सोडतात. मिठाने अंग चरचरणाऱ्या खलाशांच्या डोळ्यांदेखत गोडं पाणी वाहून जातं, पण ते माणसाच्या उपयोगाचं उरलेलं नसतं.

जाळ्यात काही लागो न लागो, बर्फ वितळतच असतो. कोकणचा कोमट समुद्र बोटीच्या पोटाला सतत ऊब देत असतो. म्हणून डिझेल शिल्लक असलं, भाताला तांदूळ असले, तरी कप्प्यातला बर्फ आणि बंदराचं अंतर यांचा मेळ घालून तांडेलाला परतीची वेळ ठरवावी लागते.