चव्हाट्यावरचा क्रूस

वांद्र्याच्या रणवार गावठाणातून चिंबईच्या दिशेनं पायी निघालं की दर थोड्या वळणांवर एक क्रूस भेटतो. गळ्यात झेंडूचा हार, पायाशी थिजलेलं मेण, चौथऱ्यावर पांढरा नाहीतर निळा ऑइलपेंट. पाहुण्याला वाटतं, ही जवळच्या चर्चची व्यवस्था असेल. पण यांतले बरेचसे क्रूस चर्चनं उभारलेले नाहीत. ते आळीचे आहेत, एखाद्या घराचे आहेत, काही तर खाजगी अंगणाच्या कोपऱ्यात उभे आहेत. चौथऱ्यांवरची सालं वाचत गेलं तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची वर्षं पुन:पुन्हा समोर येतात. इथले जुने रहिवासी त्यांना सरळ ‘प्लेगचे क्रूस’ म्हणतात.

सगळेच प्लेगचे नाहीत, हे आधी सांगायला हवं. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातला उंच दगडी क्रूस पोर्तुगीज अमदानीतला आहे. येशूच्या दु:खभोगाची चिन्हं त्यावर दाटीवाटीनं कोरलेली आहेत. प्लेगचे क्रूस त्या मानानं साधे. कारागीर शोधायला, नक्षी ठरवायला सवड कुणाला होती?

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागातल्या रोग्यांना तपासून हा गाठीचा प्लेग आहे, असं निदान केलं ते डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनी. हे गोव्याच्या हडफड्याचे कॅथलिक. पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळ, त्यांचा पुतळा आहे. त्याच्या बाजूनं रोज हजारो लोक जातात आणि तो कुणाचा, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. निदानानंतर शहराची पळापळ झाली. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत साडेतीन लाखांवर माणसं मुंबई सोडून गेली. त्याच महिन्याच्या चार तारखेला साथरोग कायदा आला. घरोघर झडत्या, रोग्याला उचलून इस्पितळात, घरच्यांची विलगीकरण छावणीत रवानगी, गटारांत कार्बोलिक, भिंतींना चुना, उजेड यावा म्हणून छपराला भोकं. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरांचा शिक्का पडे.

या दिवसांत गावठाणातल्या ईस्ट इंडियन कुटुंबांनी काय केलं असेल? (ईस्ट इंडियन हे नाव इथल्या मूळच्या कॅथलिकांनी १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात घेतलं, बोली मात्र मराठीचीच.) देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाणं म्हणजे गर्दीत जाणं. धर्मगुरू एक आणि आजारी घरं अनेक. आणि घर तरी आपलं कुठे राहिलं होतं? ते उद्या रिकामं करायला लागेल, परवा त्यावर शिक्का बसेल. मग देव ठेवायला जागा उरली ती आळीच्या तोंडाशी, उघड्यावर. शिवेवर रक्षणकर्ता बसवण्याची कोकणची रीत जुनीच आहे. क्रुसानं ती जागा घेतली, असं मला वाटतं. सोबतीला संत रॉक आले. मांडीवरची गाठ दाखवणारा हा यात्रेकरू आणि तोंडात भाकरी धरलेला त्याचा कुत्रा युरोपात शतकानुशतकं प्लेगविरुद्धच्या प्रार्थनेत होते.

क्रुसापुढच्या भक्तीला धर्मगुरू लागत नाही. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जपमाळ कुणीही सांगावी. बहुधा आळीतली वडीलधारी बाई सांगते, बाकीचे उत्तर देतात. मिस्साला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला, दीक्षित हात हवेत, पापनिवेदनाला समोरासमोर बसलेला फादर हवा. कॅथलिक संस्कार देहाशिवाय होत नाहीत: पाणी, तेल, भाकर, स्पर्श. आणि साथीत नेमकी देहाचीच भीती. ही कोंडी दर वेळी चर्चच्या भिंतीबाहेर सुटलेली दिसते.

मिलानमध्ये १५७६ साली प्लेग आला तेव्हा आर्चबिशप होते कार्लो बोर्रोमेओ. ते अनवाणी, गळ्यात दोर बांधून मिरवणुकीत चालले, याची चित्रं पुढे खूप निघाली. मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. लोकांना घराबाहेर पडायला बंदी झाल्यावर त्यांनी चौकाचौकांत वेद्या मांडल्या आणि खिडकीतून दिसेल अशी मिस्सा सुरू केली. दिवसातून सात वेळा घंटा वाजे. प्रत्येक घंटेला लोक आपापल्या खिडकीत येऊन आळवण्या म्हणत. सगळं शहर खिडक्यांतून एकमेकांना उत्तर देत होतं. त्या वेद्यांच्या जागी पुढे क्रुसाचे खांब उभे राहिले. काही अजून आहेत.

मार्च २०२०मध्ये त्याच लोंबार्दी प्रांतात, विशेषत: बेर्गामोत, कोविडच्या मृत्यूंचं थैमान चाललं होतं. इटलीत जाहीर मिस्सा बंद झाल्या. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात उभे राहिले. शेजारी सान मार्चेल्लो चर्चमधला लाकडी क्रूस होता. १५१९च्या आगीत ते चर्च जळालं, क्रूस वाचला. १५२२च्या प्लेगात रोमच्या लोकांनी तो रस्तोरस्ती फिरवला. म्हणजे व्हॅटिकनलाही अखेर रस्त्यावरचाच क्रूस आणावा लागला. त्याच्या आठवडाभर आधी, २० मार्चला, कोविडच्या रुग्णांसाठी पापदंडमाफीचा हुकूमनामा निघाला होता. फादरपर्यंत पोचता येत नसेल, पश्चात्ताप खरा असेल आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय असेल, तर क्षमा मिळते, या जुन्या शिकवणीची आठवणही तेव्हा करून दिली गेली. फोनवरचं पापनिवेदन मात्र चर्चनं ग्राह्य धरलं नाही.

मुंबईत आणि वसईत तोवर देवळं बंद झाली होती. कायदा तोच, १८९७चा. झावळ्यांचा रविवार झावळ्यांविना गेला. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी रोमच्याच आदेशानं वगळला. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण लोकांनी मोबाइलवर पाहिला. रिकाम्या देवळात एक फादर, एक कॅमेरा. घरी टीव्हीखाली पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस. म्हाताऱ्या बायका पडद्याला मोठ्यानं उत्तर देत आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मनातल्या मनात ‘आध्यात्मिक कम्युनियन’ घेत. वसईची मराठी मिस्सा परदेशी गेलेल्या लेकरांनाही त्याच क्षणी दिसे. अंथरुणाला खिळलेल्यांना तर ती अजून हवी असते. हे सगळं मान्य. तरी त्या मिस्सात शेजारी नव्हता. पडद्यावर आवडीचा फादर निवडता येतो, प्रवचन लांबलं तर पुढे ढकलता येतं. धर्मग्राम (पॅरिश) म्हणजे वाट्याला आलेली माणसं. तीच नेमकी गळून पडली.

मरणात ती उणीव जास्त टोचली. ३० मार्च २०२०ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं: कोविडनं मेलेला कोणत्याही धर्माचा असो, त्याचं दहनच होईल. काही तासांतच ते बदललं आणि मोठ्या दफनभूमीत पुरायला मुभा मिळाली. कॅथलिकांना दहनाची परवानगी १९६३पासून आहे, तेव्हा अडचण धर्मशास्त्राची नव्हती. अडचण होती ती सवयीची आणि जागेचीही. मुंबईच्या दफनभूमीत एकच कबर काही वर्षांनी पुन्हा वापरतात. आधीच्या अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह त्या हिशेबात बसेना. तो लवकर मातीत मिसळत नाही. घरच्या चार माणसांनी दुरून मूठभर माती टाकायची, शेवटचं तोंड पाहायचं नाही. मरणानंतरची महिन्याची मिस्साही पडद्यावरच.

आठ सप्टेंबरच्या सुमाराची वांद्र्याच्या मोतमाऊलीची (माउंट मेरीची) जत्रा त्या वर्षी भरली नाही. मेणाचे हात, मेणाची घरं, मेणाची बाळं विकणाऱ्यांचा हंगाम बुडाला. जत्रेत फक्त कॅथलिक येत नाहीत; कोळी, गुजराती, मुसलमान, सगळे येतात, नवस फेडतात. नवस ऑनलाइन फिटतो का, हा प्रश्न मला तेव्हा गमतीचा वाटला होता. आता वाटत नाही. देवळांची दारं उघडली ती दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२०ला. दुसऱ्या लाटेत पुन्हा लागली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. चर्चच्या दाराची किल्ली हिंदू पंचांगाच्या मुहूर्तावर फिरली, ही मला खास मुंबईची गोष्ट वाटते.

क्रुसांना दारच नव्हतं, त्यामुळे ते बंद करण्याचा प्रश्न आला नाही. दूध आणायला निघालेला माणूस वाटेत थांबून छातीवर खूण करून पुढे जाऊ शकत होता. २०१७मध्ये अनधिकृत धार्मिक बांधकामांवरच्या कारवाईत वांद्र्यातला असाच एक जुना क्रूस महापालिकेनं पाडला, तेव्हा वादाचा सगळा भर कागदांवर होता: जमीन कुणाची, साल कोणतं. तीनच वर्षांनी त्या क्रुसांचं मूळ काम काय होतं ते साऱ्या गावठाणानं अंगावर अनुभवलं.

मे महिन्यात क्रुसांना नवा रंग चढतो. संध्याकाळी आळीतली माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन येतात, जपमाळ होते, आळवणी गायली जाते आणि मग उकडलेले चणे वाटतात. वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थरांनी चौथऱ्यावरचे आकडे बुजत आले आहेत. डोळ्यांना आठ आहे की तीन ते कळत नाही. बोट फिरवून पाहिलं की लागतं.