सात गायींचं स्वप्न आणि दोन घोषणा

मिसरच्या राजाला स्वप्न पडलं. नदीतून सात धष्टपुष्ट गायी वर आल्या, मागून सात रोडक्या आल्या आणि त्यांनी पहिल्या साती गिळून टाकल्या. अर्थ कुणालाच लागेना. तुरुंगात खितपत पडलेल्या एका परदेशी तरुणानं तो लावला. सात वर्षं सुकाळ, मग सात वर्षं दुष्काळ. तेव्हा आत्तापासूनच कोठारं भरायला घ्या. राजानं त्याला कैदेतून काढलं आणि राज्याचा कारभारच हाती दिला. हा तरुण म्हणजे योसेफ.

पारनेरच्या पठारावर ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पावसानं ओढ दिली की कणगीच्या तळाशी किती उरलंय, हे इथली बाई न बघता सांगते. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९८० मध्ये अण्णा हजारे यांनी देवळात धान्य बँक सुरू केली. ज्याच्याकडे जास्तीचं असेल त्यानं द्यायचं, अडलेल्यानं उसनं न्यायचं आणि पीक हाती आलं की थोडं वाढवून परत करायचं. कोठार राजाचं नव्हे, गावाचं, एवढाच काय तो फरक.

ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिघांच्याही धर्मग्रंथांत हा योसेफ आहे. कुराणातली बारावी सुरा तर त्याच्याच नावाची. म्हणून महाराष्ट्रात हे नाव तीन वाटांनी आलं. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं, मराठी बायबल घराघरांत पोचलं आणि इथल्या ख्रिस्ती कुटुंबांत योसेफ, दावीद, शमुवेल ही नावं रुळली. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे त्याचं जोसेफ झालं. हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर त्यांच्यातलेच. १९३१ चा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावरून निघाला, ते जोसेफ डेव्हिड पेणकरही. तिसरी वाट मुस्लिमांची; त्यांच्याकडे त्याचं युसूफ झालं.

पण या नावाच्या दोन माणसांपाशी जरा थांबायला हवं. दोघेही मुंबईचे आणि दोघेही मुंबईचे महापौर झालेले. दोघांची घोषणा देशानं उचलली, पण ती दुसऱ्याच्या नावावर लक्षात राहिली.

पहिले जोसेफ बॅप्टिस्टा. जन्म १८६४, माझगावच्या माथारपाखाडीतला. पुण्यात इंजिनिअरिंग शिकले, केंब्रिजला कायदा शिकले आणि टिळकांचे वकील मित्र झाले. लोक त्यांना प्रेमानं ‘काका’ म्हणत. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हे शब्द मुळात काकांनी टिळकांना सुचवले, असं मानलं जातं. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे न घेता बॅप्टिस्टांना दिलं. महिनाभरानं, ३१ मे आणि १ जूनला, टिळक नगरमध्ये स्वराज्यावर बोलले. ही भाषणं सरकारला इतकी झोंबली की टिळकांकडून वर्षभर नीट वागण्याची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला. नोव्हेंबरमध्ये हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. टिळकांची बाजू मांडली होती बॅ. जिना यांनी. बॅप्टिस्टा पुढं कामगार चळवळीत उतरले, १९२१ मध्ये झरियाच्या आयटक अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला आज त्यांचं नाव आहे.

दुसरे युसूफ मेहेरअली, जन्म १९०३. फेब्रुवारी १९२८ मध्ये सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरलं तेव्हा काळी निशाणं घेऊन सामोरे गेलेले तरुण त्यांचेच, आणि ‘सायमन परत जा’ ही घोषणाही त्यांचीच. वकिलीचं शिक्षण पुरं होऊनही राजकारणापायी त्यांना सनद नाकारली गेली. १९४२ मध्ये ते लाहोरच्या तुरुंगात असताना काँग्रेसनं त्यांना मुंबईच्या महापौरपदासाठी उभं केलं. सुटून आले आणि निवडून आले. कैदेतून थेट कारभाराच्या खुर्चीत! मूळ कथेतल्या योसेफाशी इतकं जुळणारं आयुष्य या नावाच्या दुसऱ्या कुणाचं मला तरी ठाऊक नाही. त्याच वर्षी गांधीजींनी आंदोलनासाठी जी घोषणा स्वीकारली, ती ‘क्विट इंडिया’, आपलं ‘चले जाव’, मेहेरअलींची म्हणून ओळखली जाते.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्या घोषणेपायी नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून डांबले गेले. म्हणजे स्वराज्याच्या हक्काचं भाषण नगरमध्ये झालं आणि ‘चले जाव’ची शिक्षाही नगरमध्येच भोगली गेली. पारनेरच्या शाळांच्या सहली हा किल्ला बघायला येतात तेव्हा नेहरूंची खोली दाखवली जाते, त्यांनी इथं लिहिलेल्या ग्रंथाबद्दल सांगितलं जातं. तिथंच उभं राहून मुलांना जोसेफ बॅप्टिस्टा आणि युसूफ मेहेरअली हीही दोन नावं सांगावीत, अशी गुरुजनांना मनापासून विनंती आहे.