मालकीचा क्लब : कायदा आणि हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, तशी नोकरी-व्यवसायानिमित्त येथे स्थायिक होणाऱ्या कुटुंबांची संख्याही वाढत गेली. दिवसभराच्या कामानंतर खेळ, वाचन व गप्पागोष्टी यांसाठी चार लोकांत बसण्याची जागा असावी, ही त्यांची स्वाभाविक गरज होय. ती ओळखून एखादा उद्योजक स्वतःचे भांडवल घालून नफ्यासाठी क्लब काढू इच्छित असेल, तर कायद्याची त्यास आडकाठी नाही. मात्र क्लब कोणाच्या मालकीचा आणि सभासदाने दिलेला पैसा कोणत्या स्वरूपाचा, हे दोन प्रश्न प्रारंभीच निकालात काढले पाहिजेत.

सभासदांचा क्लब व मालकाचा क्लब

मुंबईचा बॉम्बे जिमखाना (१८७५) किंवा पुण्याचा डेक्कन जिमखाना (१९०६) ही सभासदांच्या क्लबाची उदाहरणे आहेत. अशा क्लबात वर्गणी देणारे व कारभारी निवडणारे सभासदच असतात आणि शिल्लक रक्कम संस्थेच्याच कार्यासाठी वापरली जाते. मालकीच्या क्लबात मात्र मालक वेगळा आणि सभासद वेगळा. तेथील सभासद हा वस्तुतः ग्राहक असतो. त्याला क्लबाच्या मालमत्तेत वाटा नसतो. परंतु सेवेत उणीव राहिल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क असतो.

करआकारणीतही हा भेद महत्त्वाचा ठरतो. सभासदांनी आपसांत जमविलेला व आपल्यावरच खर्च केलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, असे परस्परतेचे तत्त्व आहे. त्यालाही मर्यादा आहेत. सभासद असलेल्या बँकांत ठेवलेल्या मुदत ठेवींवरील व्याज करपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंगलोर क्लबच्या प्रकरणात दिला. मालकीच्या क्लबाला तर या तत्त्वाचा आधारच घेता येत नाही. त्याचा नफा हा धंद्याचा नफा होय.

नोंदणी कोणत्या कायद्याखाली?

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील संस्था किंवा कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील कंपनी यांना नफा वाटून घेता येत नाही. त्यामुळे नफा हा हेतू असेल तर हे मार्ग सोडून द्यावेत. संस्थेच्या नावाखाली खाजगी धंदा चालविणे हे भावी तंट्याचे मूळ ठरते.

एकट्याची मालकी किंवा १९३२ च्या अधिनियमाखालील भागीदारी सोपी व अल्पखर्चाची असते. परंतु क्लबाचे कर्ज फिटले नाही तर मालकाच्या किंवा भागीदारांच्या घरादारापर्यंत जबाबदारी पोचते. २००८ च्या अधिनियमाखालील मर्यादित दायित्व भागीदारी आणि खाजगी कंपनी यांत ही जबाबदारी सामान्यतः गुंतविलेल्या भांडवलापुरती राहते. खाजगी कंपनीत कमीत कमी दोन संचालक लागतात व भागधारकांची संख्या सर्वसाधारणपणे २०० पेक्षा अधिक असू शकत नाही. क्लबाचे सभासद म्हणजे भागधारक नव्हेत, हे सभासदत्वाच्या अर्जावरच स्पष्ट छापलेले असावे.

हिशेबाचे एक उदाहरण

समजा, २०० सभासदांकडून प्रत्येकी १२,००० रुपये वार्षिक वर्गणी अपेक्षित आहे. जमा २४ लाख रुपये होईल. भाडे ६०,०००, पगार ७५,००० आणि वीज, दुरुस्ती व इतर बाबी ४०,००० रुपये, असा दरमहा खर्च धरल्यास वर्षाचा खर्च २१ लाख रुपये होतो. शिल्लक ३ लाख रुपये. त्यातून व्याज, सामानाची घसारा रक्कम व आयकर वजा जावयाचा. सभासद १७५ झाले तर तोंडमिळवणी होते आणि १५० च झाले तर ३ लाखांची तूट येते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते. वर्गणीवरील हा कर शासनाचा असल्याने तो जमेत धरू नये.

ठेवीचा मोह

तूट आली की आजीव सभासदत्वाची मोठी रक्कम किंवा परत करावयाची ठेव घेण्याचा मोह होतो. धोका येथेच आहे. अमुक वर्षांनी वाढीव रक्कम परत मिळेल असे आश्वासन दिले, तर तो क्लब राहत नाही, ठेवयोजना होते. अशा व्यवहारांवर कंपनी अधिनियम, महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय अधिनियम यांची कडक नजर असते. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीने सुट्टीतील निवासाच्या नावाखाली जमविलेला पैसा ही सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे ठरवून, तो परत करण्याचा आदेश 'सेबी'ने २०१५ मध्ये दिला होता. सुरक्षित मार्ग एकच : वर्गणी त्या त्या वर्षाच्या सेवेसाठी घ्यावी, पावती द्यावी आणि परताव्याचे नियम लेखी ठेवावेत.

परवाने

जागेचा नियोजित वापर क्लबाला अनुकूल आहे किंवा नाही, हे महानगरपालिकेकडे, आणि शहराबाहेर संबंधित नियोजन प्राधिकरणाकडे, भाडेकरार करण्यापूर्वीच पाहावे. उपाहारगृहासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना लागतो. वीस किंवा अधिक कामगार असल्यास २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली नोंदणी, तर त्याहून कमी असल्यास केवळ सूचना द्यावी लागते. मद्य द्यावयाचे असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावाचून गत्यंतर नाही.

पत्त्यांबाबत विशेष दक्षता हवी. निजामाच्या राजवटीतील जुगारविषयक कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबावर झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविला. पत्ते व बैठक यांसाठी वाजवी आकार घेण्यास हरकत नाही. मात्र पैशाच्या डावातून क्लबचालक नफा काढीत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही न्यायालयाने बजावले. मालकीच्या क्लबाने हे वाक्य कायम ध्यानी ठेवावे.

क्लबाच्या प्रस्तावाबाबत गावात वा शाळेत कोणी सल्ला विचारल्यास तीन कागद पाहण्यास मागावेत : नोंदणीचा दाखला, सभासदत्वाचे छापील नियम आणि पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक. हे तीन कागद जेथे दाखविले जात नाहीत, तेथे पैसे भरण्याची घाई करू नये.